सही करण्यापूर्वी : बालाघाटात मराठी पुस्तिकेचं प्रूफ

आमच्या जिल्ह्यात जुने कागद शोधणारे पुष्कळ आहेत. कागद मिळाला, वाचला, टाइप केला की काम झालं असं आपल्याला वाटतं. खरी परीक्षा प्रूफ हातात येतं तेव्हाची. त्या परीक्षेत मी एकदा नापास झालोय, म्हणून हे टिपण.

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या आणि बैहरच्या पठारावरच्या गावांवर आम्ही एक छोटी मराठी पुस्तिका काढली. प्रूफ मोबाइलवर आलं. रात्री बोटाने पानं सरकवत मी ते पाहिलं आणि 'ठीक आहे, छापा' असं कळवलं. गठ्ठा उघडला तेव्हा 'तळ्यातला गाळ' जागोजागी 'तल्यातला गाल' झाला होता आणि घाटातल्या 'दऱ्या' झाल्या होत्या 'दर्या'. डोंगरात समुद्र! एवढंच असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण जुन्या देणगीवहीतून उतरवलेल्या यादीत एका घरातले 'काळू' हे 'कालू' झाले होते. त्यांचा नातू म्हणाला, "भाऊ, आजोबांचं नाव पहिल्यांदा छापून आलं, तेही चुकीचं." त्याच्या हातात शुद्धिपत्र देताना माझी मान वर झाली नाही.

दोष जुळणी करणाऱ्याचा नव्हता. भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. इथल्या छपाईची रोजची भाषा हिंदी. लिपी एकच असल्यामुळे मजकूर वाचता येतो, पण हिंदीला सरावलेल्या हाताला 'ळ' आणि 'ऱ्य' परके वाटतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेतानाही नेमकी हीच अक्षरं दगा देतात. म्हणजे मराठी वाचणाऱ्याने शेवटची नजर टाकायलाच हवी होती, आणि ती जबाबदारी माझी होती.

आता आम्ही असं करतो. प्रूफ कागदावर काढून घेतो. पडद्यावर डोळा चुका गिळतो. दोघं बसतो. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा प्रूफवर बोट ठेवून जुळवतो. प्रूफ पाहणारा स्वतः वाचत नाही, कारण आपलाच मजकूर वाचताना तिथे नसलेलं अक्षरही दिसतं. त्यानंतर फक्त आकडे तपासायची एक फेरी : १८६७ चं १८७६ झालं तरी वाक्य बिनचूकच वाटतं. मग फक्त नावांची फेरी. मग चित्रांखालच्या ओळी, पानांचे क्रमांक आणि अनुक्रमणिका. दुसरं प्रूफ आलं की दुरुस्त केलेली ओळच नव्हे, तिच्या वरची-खालचीही पाहायची. एक चूक काढताना शेजारी दुसरी शिरते.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काय दुरुस्त करायचं नाही ते ठरवणं. आजचे मराठी लेखनाचे नियम १९६२ चे, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पत्रात 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार असणारच. मुद्रितशोधकाने ते 'शुद्ध' केले तर पत्राच्या काळाची खूणच पुसली जाते. म्हणून छापखान्याला मजकुरासोबत एक चिठ्ठी देतो : अवतरणातलं जसंच्या तसं, आमचं लेखन आजच्या नियमांनी.

ही शिस्त ताम्रपटांच्या अभ्यासकांकडून घेण्यासारखी आहे. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचा बालाघाट ताम्रपट कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या नवव्या खंडात संपादित केला. त्यात राजांची वंशावळ आहे, पण दानाचा मजकूर येण्याआधीच लेख थांबतो. तो अपुरा आहे, तसाच छापला गेला. ताम्रपट छापताना कोरणाऱ्याची चूकही मूळ पाठात राहते, दुरुस्ती तळटीपेत जाते. त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला दोन्ही दिसतात आणि त्याला संपादकाशी भांडता येतं.

शेवटी सही. ती एकाच माणसाने, तारीख घालून, प्रत्येक पानावर करायची. 'सगळ्यांनी पाहिलंय' याचा अर्थ बहुधा कुणीच पाहिलं नाही असा असतो. मूळ वही वाळवी खाईल, नदीच्या पुरात जाईल. मग आपली पुस्तिकाच पुरावा ठरेल. तिथे 'काळू' लिहिलेलं असेल, तरच ते काळू होते असं पुढच्यांना कळेल.