गाव आधी की घोट आधी

सकाळी 10.10
अंधेरी पश्चिम. मे महिन्यातला शनिवार. दादा स्टेशनाबाहेर येतो तेव्हाच शर्ट पाठीला चिकटलेला. नालासोपाऱ्याहून उभ्यानं आलाय. रिक्षाचं मीटर आता 26 रुपयांपासून सुरू होतं, म्हणून बेस्टची वाट बघायची. एसी बसचं किमान तिकीट 12 रुपये, त्यात थोडी थंड हवा. वीरा देसाई रोडच्या आतल्या गल्लीत जुनं इंडस्ट्रियल इस्टेट आहे. एका गाळ्यात लेथ मशीन चालतं, शेजारच्या गाळ्यात नळाची बिअर मिळते. या नळांची जबाबदारी दादाची. आज मी त्याच्याबरोबर आहे. सगळे त्याला दादाच म्हणतात, मॅनेजरसुद्धा. गाव कुडाळजवळ. पगार हातात 22 हजार, वर टिप.

सकाळी 10.40
पुण्याचा टेम्पो लागला. मागे थंड पेटी, पेटीत बिअरचे स्टीलचे केग. 30 लिटरचा भरलेला केग 40 किलोच्या आसपास जातो. तो उचलायचा नसतो, तिरका करून कडेवर फिरवत न्यायचा. अडचण दाराच्या तीन पायऱ्यांची. तिथे दोघं लागतात. हेल्पर पोरगा जौनपूरचा, कामावर नवा आहे, जोर पाठीनं लावतो. “पाय वाकव, पाय,” दादा ओरडतो.

केग आत गेले की ट्रान्सपोर्ट पास बघायचा, केगचे नंबर जुळवायचे, रजिस्टरला चढवायचे. टेम्पोच्या पोराला चहा आणि 50 रुपये. ड्रायव्हर साताऱ्याकडचा. यातली कुठली चांगली, असं मी विचारलं. “गाडीवर असताना घेत नाही. घेतलीच तर बाटलीतली स्ट्राँग. ही कसली, आंब्याची?”

क्राफ्ट बिअरच्या धंद्यात पुणं थोरला भाऊ आहे, आणि ते पुणं विसरू देत नाही. 2009 साली तिथे डूलाली सुरू झाली. पुणेकर सांगतात, देशातली पहिली मायक्रोब्रुअरी. गुडगावचे लोक यावर हुज्जत घालतात. दादाला दोन्ही बाजू पाठ आहेत. गिऱ्हाईक कुठलं आहे ते बघून तो मान हलवतो.

सकाळी 11.20
आज नळ्या धुवायच्या. कोल्ड रूममधून नळापर्यंत आलेल्या प्रत्येक नळीत कॉस्टिकचं कोमट पाणी सोडायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, मग साधं पाणी. कागदाची पट्टी धरून कॉस्टिक गेलं की नाही ते बघायचं. हातात रबरी मोजे. नळी घाण राहिली तर बिअरला आंबूस वास येतो आणि बिचारी ब्रुअरी बदनाम होते.

मग गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर. कोल्ड रूमचा काटा 4 अंशांवर. दोन अंश वर गेला की ग्लासात फेसच फेस. कागदावर 30 लिटरचे अर्ध्या लिटरचे 60 ग्लास होतात. दादाच्या हातून 55 पडतात. नवख्याच्या हातून 50 पडले तरी नशीब. मधले पाच ग्लास मॅनेजर महिनाअखेरीस विचारतो.

ग्लास ओला करून तो आत मीठ भुरभुरतो. मीठ सगळीकडे सारखं बसलं तर ग्लास स्वच्छ. एका ठिकाणी बसलं नाही. तेलकट. परत सिंकमध्ये.

दुपारी 12.45
स्टाफचं जेवण. डाळ, भात, बटाट्याची भाजी. दादा डब्यातून सुकटाची चटणी काढतो. जौनपूरचा पोरगा खुर्ची लांब सरकवतो.

दुपारी 1.30
पहिलं टेबल. नाशिकचे दोघे काका, सुनेनं आणलेले. एकानं डूलालीचं नाव काढलं आणि दुसऱ्यानं लगेच नाशिकचा झेंडा लावला. नाव देवळालीवरून आलंय, म्हणाले. ते खरंच आहे. देवळालीच्या छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशीच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे, उन्हानं आणि कंटाळ्यानं डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत वेडसरपणाला डूलाली हा शब्द पडला. “म्हणजे नाव आमचं, बिअर पुण्याची आणि पिणार अंधेरीवाले,” काका म्हणाले. मग त्यांनी वाइन आहे का विचारलं. नाशिकचीच हवी होती.

दुपारी 3.30
ब्रेक शिफ्ट. साडेदहा ते साडेतीन, पुन्हा सहापासून बंद होईपर्यंत. मधल्या वेळात घरी जाऊन येणं परवडत नाही. स्टोअरमध्ये पुठ्ठा पसरून दादा झोपतो. कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे घरघरतो. त्याची त्याला सवय आहे. गावी गेला की झोप लागत नाही, म्हणतो.

संध्याकाळी 6.20
चार मुलं आली, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. शनिवारीही काम होतं. बंगळुरूहून बदली होऊन आलेली. बसायच्या आधीच इंदिरानगरच्या टॉइट ब्रुअरीचा विषय निघाला. 2010 पासून तिथे आहे, पुढे लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारातही आली. पण लोअर परळचं काढलं की ही मुलं तोंड वाकडं करतात. इंदिरानगरची सर नाही.

दादानं चकार शब्द काढला नाही. चार छोट्या ग्लासांत गव्हाची बिअर आणली. गव्हाच्या या जातीला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं की लवंग नसते, करामत यीस्टची. चष्मेवाल्यानं घोट घेतला. “अरे, छान आहे!” दुसरा घोट. “कुठली?”

“पुण्याची, साहेब.”

चष्मेवाल्यानं ग्लास उजेडात धरला. तिसरा घोट घेतला. “हं. जरा पातळ आहे.”

बिअर तीच, ग्लास तोच, अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. दादाचा चेहरा हलला नाही. ऑर्डर मात्र चार मोठ्या ग्लासांची लागली, कारण छान म्हणून झालं होतं. मला हे भारी वाटलं. त्याला नाही, त्याचं रोजचंच आहे. नंतर नळाशी त्यानं सांगितलं, “बंगळुरूवाल्याला घोट आधी, गाव नंतर. पुणेवाल्याला गाव आधी.”

“आणि मुंबईवाल्याला?”

“त्याला भाव आधी.”

संध्याकाळी 7.30
दारावर ओळखपत्रं तपासणं चालू. महाराष्ट्रात बिअरला वय 21, दारूला 25. गोव्याहून आलेल्याला वाटतं फार कडक, तिकडे 18. दिल्लीच्या बावीस वर्षांच्या मुलीला वाटतं मजा आहे, तिकडे बिअरलाही 25. ती खूश होऊन कोकमाची बिअर मागते. मीठ घातलेली, आंबट, गुलाबीसर. दादा ओततो. स्वतः त्यानं ती एकदा चाखली आहे. “कोकम सोलकढीत घालायचं. बांगड्याबरोबर.” याच्यापुढे तो बोलत नाही.

रात्री 8.45
जागा नाही. म्युझिक वाढलं. दादाचा उजवा हात नळावर, डावा ग्लास तिरका धरून. ग्लास भरत आला की सरळ करायचा, वर दोन बोटं फेस. मनगट दुखतं, म्हणून आत क्रेप बँडेज बांधलंय. 40 रुपयांचं, स्वतःच्या खर्चानं.

कोथरूडचं जोडपं. दादा वाकून म्हणाला, “ताई, पुण्याहून आज सकाळीच आलीय.” ताईंचा चेहरा फुलला. साहेब म्हणाले, “वाटलंच. मुंबईच्या पाण्याला ही चव येत नाही.” आता बहुतेक ब्रुअऱ्या पाणी आधी आरओ करतात आणि मग हवे ते क्षार मोजून घालतात. जवाचं माल्ट राजस्थान-हरियाणाकडचं, हॉप्स जर्मनी-अमेरिकेतून आलेले. त्यात खडकवासला किती उरतो, ते साहेबांनाच माहीत. दोघांनी दोन-दोन घेतल्या. ग्लास चारशेच्या घरात, वर कर. बिल आल्यावर मात्र पाण्याचा विषय निघाला नाही.

मुलुंडच्या एका ग्रुपमध्ये मुंबईची स्वतःची बिअर कुठली यावर भांडण जुंपलं. एकानं गेटवेचं नाव घेतलं. ती डोंबिवलीच्या एमआयडीसीत बनायची. दुसरा उसळला, “डोंबिवली मुंबईत कधीपासून?” पहिला कल्याणचा होता. पुढचा एक तास ते टेबल सेंट्रल आणि वेस्टर्न रेल्वेवर गेलं.

कोपऱ्यात मरोळचे एक गोवेकर अंकल. त्यांना नळातलं काहीच नको. किंग्ज बिअर आहे का, एवढंच. नाही म्हटल्यावर त्यांनी लिंबू सोडा घेतला.

रात्री 10.30
आंब्याचा केग संपत आला, नळ थुंकायला लागला. दादा कोल्ड रूममध्ये पळाला. कपलर काढायचा, नवा केग लावायचा, पहिला अर्धा ग्लास ओतून द्यायचा. बाहेर दोन टेबलांत वाद. आंबा रत्नागिरीचा की देवगडचा? कोणी तरी मोबाईल काढून वाचून दाखवलं: हापूसचं भौगोलिक मानांकन 2018 चं, आणि त्यात पालघर, ठाणे, रायगडही आहेत. हे ऐकून दोन्ही टेबलं एक झाली. पालघर? हापूस? दोन्हीकडून आणखी एक-एक राऊंड गेला.

देवगडवाला नळापाशी आला. “दादा, तुम्ही कुठले?”

“कुडाळ.”

“मग सांगा की यांना!”

“साहेब, पल्पचा डबा मी बघितलेला नाही.”

रात्री 12.40
शेवटची ऑर्डर गेली. टिपचा डबा रिकामा झाला, सगळ्यांत सारखी वाटणी. दादाच्या वाट्याला 310. शनिवारच्या मानानं बेताचीच. नळांना टोप्या, ट्रे उलटे, फरशीवर फिनेल. जौनपूरचा पोरगा सांडलेला फेस बादलीत पिळतोय. मॅनेजर सोमवारची ऑर्डर फोनवर टाइप करतोय.

“गहू?”

“तीन.”

“कोकम दोन लिहू? कोकणातली गिऱ्हाईकं वाढलीत.”

“एकच लिहा. कोकणातला माणूस पाटी वाचतो नि गव्हाची मागतो. कोकम दिल्ली-कलकत्तेवाले घेतात.”

“आंबा?”

“दोन. भांडायला लागतो.”

बारानंतर रिक्षाचं भाडं सव्वापट. स्टेशनापर्यंत तिघांत एक केली. दादानं 20 रुपये काढून हातात धरले आणि मागच्या पोराला म्हणाला, “सुट्टे दे रे, आज तरी.”