घर कुंभारीत, काम कुठे?
सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि घर अनेकदा एकाच छपराखाली. कामावर जायला थेंबभर पेट्रोल लागत नाही (मागांचा खडखडाट शेजाऱ्यांनी सोसायचा, ते वेगळं). विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प मात्र शहराबाहेर, कुंभारीत. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. विडी घरीच वळतात, पण पानं-तंबाखू आणायला आणि तयार विड्या द्यायला कारखान्याची शाखा गाठावीच लागते. शाखा वसाहतीतच असेल तर पायी, नाहीतर रिक्षा. पाण्याचंही तसंच: उजनी धरणाचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून पंपांनी शहरात येतं, वस्ती लांबली की जलवाहिनी वाढते, विजेचं बिलही.