माळव्यातील एक विसरलेली आघाडी

४ ऑक्टोबर १९३६ रोजी लंडनच्या पूर्व भागात केबल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर जे घडले, ते आज युरोपात अभिमानाने सांगितले जाते. ओस्वाल्ड मोस्ले यांचे काळे सदरेवाले अनुयायी त्या दिवशी ज्यू वस्तीतून संचलन नेणार होते. तेथील ज्यू कारागीर, आयरिश गोदी-कामगार आणि डाव्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले व त्यांनी रस्त्यात अडसर रचले. पोलिसांना वाट मोकळी करता येईना. अखेर संचलन रद्द झाले. अनेक वंशांच्या आणि भाषांच्या वस्तीने फॅसिझमला दाराशीच थोपविले, म्हणून या घटनेचे महत्त्व. तिचा इतिहास केवळ सरकारी कागदांतून सिद्ध झालेला नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी आणि घरोघरी जपलेली हस्तपत्रके यांचा त्याला मोठा आधार आहे.

हे वाचताना धार, देवास, इंदूर, उज्जैन येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात प्रश्न येतो, की आपल्याकडे असे काही होते काय? बहुवंशीय, बहुभाषी नगरे म्हणून आमची गावे लंडनपेक्षा उणी नव्हती. धारच्या दप्तरात मराठी, बाजारात माळवी, आठवडी हाटात भिली आणि मोहल्ल्यांतून उर्दू अशा चार बोली एका हाकेच्या अंतरावर नांदत होत्या. देवासला तर एकाच गावात थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्यांचे दोन राजे होते. तथापि येथे काळे सदरेवाले आले नाहीत आणि रस्त्यांवर अडसरही उभे राहिले नाहीत. म्हणून येथे फॅसिझमविरोधाचा इतिहासच नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो समज खरा नव्हे. येथील विरोध रस्त्यावर कमी आणि विचारात, लेखणीत व सभेत अधिक झाला. त्यामुळे तो शोधण्याची वाटही वेगळी आहे.

देवासहून पॅरिसला

ही वाट देवासपासून धरता येते. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला होते. मोटारी, बागा, पाहुणघर आणि विजेची यंत्रे यांची देखरेख त्यांच्याकडे होती. गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी तेथेच पाहिला, आणि त्याचे पडसाद १९२४ च्या त्यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीत उमटले. देवासची पत्रे त्यांनी पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने छापली. इतके आपल्याकडील वाचकांना बहुधा ठाऊक असते.

त्यानंतरची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. जून १९३५ मध्ये पॅरिस येथे संस्कृतीच्या रक्षणासाठी लेखकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जर्मनीत ग्रंथांच्या होळ्या होऊन दोन वर्षे झाली होती. त्या व्यासपीठावर फॉर्स्टर बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : इंग्लंडला उघड हुकूमशहाचे भय तितकेसे नाही, खरे भय आहे ते कायद्याच्या आणि सनदशीरपणाच्या आडून, आवाज न करता येणाऱ्या हुकूमशाहीचे. पुढे त्यांनी हेही कबूल केले, की इंग्रजांचे स्वातंत्र्य वंशापुरते आणि वर्गापुरते मर्यादित आहे. साम्राज्यातील पारतंत्र्यात असलेल्या लोकांना त्याचा लाभ नाही. एका मराठा राजाच्या घरी माणसासारखा राहिलेला इंग्रज हे बोलत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कबुलीचे वजन वाढते. १९४० साली नाझींनी, इंग्लंड जिंकल्यावर ज्यांना पकडायचे त्यांची यादी तयार केली. तीत फॉर्स्टर यांचे नाव होते.

मराठी माणसे त्या रणात

पॅरिसमधील शब्द त्याच दशकात काही मराठी माणसांनी कृतीत उतरविले. नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आरंभकाळातील सरकार्यवाह. वृत्तपत्रविद्या शिकण्यासाठी ते लंडनला गेले. तेथून ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन ते स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्यास आंतरराष्ट्रीय पथकात दाखल झाले. १९३८ साली ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि सान पेद्रो दे कार्देन्या येथील बंदिवासात राहून त्याच वर्षी सुटले. १९३८ च्याच सप्टेंबरात काँग्रेसचे पाच डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर हे दोघे मराठी होते. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा अंत झाला.

कोटणीसांवर चित्रपट निघाला, त्यांची स्मारके झाली. इटलीत लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या पराक्रमाची नोंद पलटणीच्या इतिहासात आहे. ज्यांनी बंदूक न घेता, आपल्याच गावात राहून विरोध केला, त्यांची नोंद कोणी ठेवायची?

इंदूरचे संमेलन

८ मार्च १९४२ रोजी ढाका शहरात फॅसिस्टविरोधी परिषदेकडे मिरवणूक नेत असताना सोमेन चंद या तरुण बंगाली लेखकाचा खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात कलकत्त्यास फॅसिस्टविरोधी लेखक व कलावंतांचा संघ स्थापन झाला. त्याच साली दिल्लीत अज्ञेय यांच्या पुढाकाराने फॅसिस्टविरोधी परिषद भरली. ही लाट माळव्यातही पोहोचली. १९४४ साली इंदूर येथे फॅसिस्टविरोधी लेखकांचे संमेलन झाले. अध्यक्षस्थानी राहुल सांकृत्यायन होते. संमेलन घडवून आणणारे होते उज्जैनला शिक्षकी करणारे सत्तावीस वर्षांचे गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचे घर मराठी. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते, आणि मुलगा मध्य भारतातील प्रगतिशील लेखकांची संघटना बांधत होता. सत्तेची नोकरी आणि सत्तेला प्रश्न विचारणारी लेखणी अशी एकाच छपराखाली नांदत होती. गजाननरावांनी हिंदीत लिहिले; धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ सालची. अज्ञेयांनी १९४३ साली संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या हिंदी संग्रहातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे या दोघांची घरची भाषा मराठी होती. तेव्हा या इतिहासाचा निम्मा भाग मराठीत आणि निम्मा हिंदीत आहे. एकाच भाषेत शोधणाऱ्याच्या हाती तो अर्धाच लागेल.

मुक्तिबोधांचे निधन ११ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक जाते. तीत सैनिक आहेत, आणि त्यांच्याबरोबर शहरातील नामांकित, प्रतिष्ठित, ओळखीची माणसेही चालत आहेत. फॅसिझम हा परदेशी गणवेशातच येतो असे नाही. तो आपल्याच गावच्या सभ्य माणसांच्या चेहऱ्याने येऊ शकतो, हे त्या कवीने ओळखले होते. फॉर्स्टर यांनी पॅरिसला दिलेला इशारा आणि माळव्यात घडलेल्या कवीचे हे दर्शन, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. केबल स्ट्रीटवर शत्रू काळा सदरा घालून आला होता, म्हणून तो ओळखता आला. नेहमीच्या वेशातला शत्रू ओळखण्याचा प्रयत्न आपल्या भागातील माणसांनी केला. माळव्याच्या अध्यायाचे वेगळेपण मला येथे दिसते.

विस्मृती का आली?

मग हे सारे विसरले कसे गेले? उत्तर अवघड आहे, पण टाळण्यासारखे नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजी व काँग्रेसचे नेते पकडले गेले. देश ‘चले जाव’ने पेटला होता. नेमक्या त्याच वेळी कम्युनिस्टांनी युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले, आणि त्यांच्यावरील बंदी सरकारने नुकतीच उठविली होती. आपल्या नेत्यांना तुरुंगात डांबणाऱ्या इंग्रजांच्या बाजूने हे लोक बोलतात, असा राग जनतेत निर्माण झाला. दुसरीकडे सुभाषबाबू बर्लिनहून बोलत होते आणि असंख्य घरांत त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला जात होता. फॅसिझमला विरोध करावा तर साम्राज्याला बळ मिळते. साम्राज्याला विरोध करावा तर फॅसिझमला वाट मिळते. या कात्रीत प्रामाणिक माणसेही सापडली. लंडनच्या गोदी-कामगारापुढे असा पेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ‘बेचाळीसमध्ये तुम्ही कोठे होता?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे शस्त्रासारखा वापरला गेला. अशा वेळी फॅसिस्टविरोधी सभेला हजर होतो, हे सांगण्यात कोणाला भूषण वाटावे? पंडित नेहरूंनी १९३६ साली रोममध्ये मुसोलिनीची भेट नाकारली आणि १९३८ साली बार्सेलोनाला जाऊन प्रजासत्ताकाला पाठिंबा दिला. स्वातंत्र्य आणि फॅसिझमविरोध हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत, ही त्यांची भूमिका होती. पण बेचाळीसच्या वणव्यात ती समजून घेण्याइतकी उसंत कोणाला होती?

शोध कोठे घ्यावा?

धार आणि देवास ही संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्यप्रदेश झाला. राज्ये बदलली, तशी दप्तरेही हलली. जुन्या सेंट्रल इंडिया एजन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते पाहावेतच, परंतु त्यांत राजाची आणि रेसिडेंटाची दृष्टी असते. दुसरे साधन नियतकालिकांचे. इंदूरच्या हिंदी साहित्य समितीचे ‘वीणा’ मासिक १९२७ पासून निघत आले आहे. मुंबईहून निघणारे मराठी ‘लोकयुद्ध’ आहे. मात्र युद्धकाळातील छापील मजकूर वाचताना तेव्हाची सेन्सॉरशिप विसरता कामा नये.

तिसरे साधन आपल्याच हाती आहे. वाड्याच्या माळ्यावरील ट्रंका, शिक्षकी केलेल्या आजोबांच्या वह्या, होळकर कॉलेज किंवा माधव कॉलेजमधून घरी धाडलेली पत्रे, सभेची पावती वा हस्तपत्रक, हे कागद घराबाहेर कोठेही नाहीत. १९४४ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून पुढे गेला आहे. त्याच्यापाशी बसून त्याचे बोलणे टिपून घ्यायचे, तर ते आताच.

टिपून घेताना काही पथ्ये पाळावीत. कोण, केव्हा, कोठे सांगत आहे, हे वर लिहावे. सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. पुढच्या काळातील पक्षाभिमान मागच्या काळावर लादू नये. घरातील एक भाऊ बेचाळीसच्या चळवळीत आणि दुसरा फॅसिस्टविरोधी सभेत असेल, तर दोघांचीही पत्रे ठेवावीत. न पटणारे पत्र जाळून टाकणे हे ग्रंथाच्या होळीचेच लहान रूप होय. मराठी कागदाबरोबर हिंदी आणि उर्दू कागदही जपावा. मोडी वाचणारी माणसे विरळ होत चालली आहेत. म्हणून मोडीतील मजकूर देवनागरीत उतरवून घेण्यास विलंब करू नये.

दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरताना आपण तांब्यापितळेची भांडी उजळून ठेवतो आणि कागदांचे गठ्ठे मात्र रद्दीवाल्याच्या तराजूत घालतो. यंदा ते गठ्ठे घालण्यापूर्वी एकदा सोडून पाहावेत. इंदूरच्या त्या संमेलनाला धारहून, देवासहून, उज्जैनहून कोण गेले होते, हे एखाद्या पिवळ्या पडलेल्या पोस्टकार्डावरही लिहिलेले असू शकेल.