टीव्हीचे शेततळे

कालव्याचे पाणी पाळीने येते. पाळी रात्री दोनला असली तर दोनला उठून बारे धरावे लागते. डोळा लागला, तर पाणी पुढच्याच्या रानात जाते. ज्याच्याकडे शेततळे आहे, तो मात्र पाळीचे पाणी साठवतो आणि पिकाला हवे तेव्हा देतो.

टीव्हीचेही तसेच आहे. चांगला कार्यक्रम नेमका धारा काढायच्या वेळेला लागतो. हात धुऊन गोठ्यातून घरात यावे, तर तो संपलेला असतो. तुम्ही म्हणाल, आता मोबाईलवर मागाहून पाहता येतो. येतो खरा, पण ठेवणाऱ्याने ठेवला तोवरच. उद्या त्याने काढून टाकला, तर आपल्या हाती काय उरले?

अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनी यावर घरच्या घरी उपाय केला. टीव्हीसाठी त्यांनी शेततळे केले, तेही जुन्या संगणकात. ही गोष्ट करमणुकीची आहे, पण शेवटी ती ट्रॅक्टरपर्यंत येऊन पोचते. म्हणून सवडीने पुरी वाचा.

कॅसेटपासून डब्यापर्यंत

आधी कॅसेटचे रेकॉर्डर आले. टीव्हीवरचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि फावल्या वेळी पाहायचा. सिनेमा कंपन्यांना हे खपले नाही. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनी कंपनीवर खटला भरला. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊपैकी पाच न्यायाधीशांनी सोनीच्या बाजूने कौल दिला. फुकट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी उतरवून घेणे कायद्याविरुद्ध नाही, असे ठरले. एका मताचा फरक पडला असता, तर ही हौस तिथेच संपली असती. हा निकाल अर्थात अमेरिकेपुरता आहे.

पुढे १९९९ साली टिव्हो नावाचा तयार डबा बाजारात आला. त्यात कॅसेटच्या जागी हार्ड डिस्क होती. एकदा कार्यक्रमाचे नाव सांगितले, की डबा आपणहून तो उतरवून घेई. त्याच्या आत लिनक्स होते. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते आणि कोणीही त्यात बदल करावा, अशी मुभा असते. पण कंपनीने पुढच्या डब्यांत असे कुलूप घातले, की मालकाने स्वतः बदललेली प्रणाली त्यावर चालेचना. पैसे मालकाचे, डबा मालकाच्या घरात आणि किल्ली मात्र कंपनीकडे! यावरून बराच वाद झाला. अशा सॉफ्टवेअरसाठी जीपीएल नावाचा परवाना वापरतात. त्याची तिसरी आवृत्ती २००७ साली निघाली, तेव्हा अशा कुलपाला आळा घालणारे कलम तीत घातले गेले.

आपला हात जगन्नाथ

आयझॅक रिचर्ड्स नावाच्या प्रोग्रॅमरला केबलवाल्याने दिलेला डबा पसंत नव्हता. २००२ साली त्याने स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि तो सर्वांना फुकट दिला. त्याचे नाव मिथटीव्ही. बघता बघता बरेच हात मदतीला आले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ ही मंडळी तो सांभाळत आली आहेत.

सामान तसे थोडेच लागते. अडगळीतला संगणक, मोठी हार्ड डिस्क, छपरावरचा अँटेना आणि ट्यूनर कार्ड. ट्यूनर म्हणजे पाटाचे दार आणि डिस्क म्हणजे तळे. दोन वाहिन्यांवरचे कार्यक्रम एकाच वेळी हवे असतील, तर दोन ट्यूनर लागतात. अमेरिकेतले एक तासाचे उच्च प्रतीचे प्रक्षेपण सात-आठ जीबी जागा खाते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये साधारण सव्वाशे तास मावतात. तळे भरत आले, की यंत्र जुने कार्यक्रम पुसून जागा करते. पण ‘हा ठेव’ असे सांगून ठेवले, तर त्याला हात लावत नाही.

जाहिरातीही ते हुडकून काढते. जाहिरातीच्या आधी-नंतर पडदा क्षणभर काळा होतो आणि कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह जाते. या खुणांवरून ते अंदाज बांधते. कधी कधी फसतेही.

संगणकाच्या पंख्याचा घरघराट बैठकीत कोणाला नको असतो. म्हणून मोठे यंत्र मागच्या खोलीत ठेवतात आणि टीव्हीजवळ दुसरे लहान यंत्र. चूल आत, पान ओसरीवर, असा हा प्रकार. हौस म्हटली की खोळंबाही आलाच. एखादी सुधारणा करावी आणि रिमोट रुसावा, डिस्क बिघडावी आणि साठवलेले सगळे जावे. वेळ किती जातो, याचा हिशेब हौशी माणूस करीत नाही.

वर्गणीची विहीर

एकदा मात्र मोठीच अडचण आली. कोणता कार्यक्रम कधी आहे, याचे वेळापत्रक मिळाले नाही, तर हे यंत्र आंधळे. हे वेळापत्रक फुकट देणारी सेवा २००७ च्या सप्टेंबरात बंद झाली. तेव्हा स्वयंसेवकांनी शेड्यूल्स डायरेक्ट नावाची ना-नफा संस्था काढली. वापरणाऱ्यांनी वर्गणी भरायची आणि त्यातून वेळापत्रक विकत घ्यायचे. गावाने वर्गणी काढून विहीर खणावी, तसेच हे झाले.

आता ट्रॅक्टरकडे

आता तुमच्या-आमच्या कामाचे. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॅक्टर-हार्वेस्टरमध्ये आज संगणक भरलेले आहेत. बिघाड शोधायचा तर कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. ऐन सुगीत यंत्र रानात उभे आणि मालक विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत बसलेला, अशी तक्रार तिथले शेतकरी अनेक वर्षे करीत आले. शेवटी २०२३ साली कोलोरॅडो राज्याने कायदा केला. शेती यंत्रांच्या दुरुस्तीसाठी लागणारी माहिती, अवजारे, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे, असे त्यात आहे. तो २०२४ च्या जानेवारीपासून लागू झाला.

टीव्हीचा डबा असो की ट्रॅक्टर, प्रश्न एकच. विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली कोणाकडे? आपल्याकडेही ठिबकचे स्वयंचलित यंत्र आले, मोबाईलवर चालणारा स्टार्टर आला. घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. माहितीपुस्तक मिळेल का? सुटे भाग बाहेर मिळतात का? कंपनी उद्या बंद पडली, तर हे यंत्र चालेल का?

आणि घरातले पोर जुना रेडिओ उघडून बसले, तर रागावू नका. आधी प्लग काढायला शिकवा. जुना पेटीवजा टीव्ही मात्र त्याला उघडू देऊ नका, त्याच्या काचेच्या नळीत प्लग काढल्यावरही जोराचा झटका बसेल एवढी वीज साठून राहू शकते. उघडून पाहणारे हात घरात असले, म्हणजे दुसऱ्याच्या दारी ताटकळत बसण्याची पाळी कमी येते.