एल्क धक्क्यानं पडत नाही

कोलोरॅडोत सप्टेंबर उजाडला की बंदुकीच्या दुकानांत आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये एकच सल्ला फिरू लागतो: "एल्कसाठी .३०० मॅग्नमच्या खाली जाऊच नकोस. हलक्या गोळीनं तो नुसतं अंग झटकतो आणि चालू लागतो." इकडे स्थायिक झालेली आपली काही मराठी मंडळीही आता रीतसर प्रशिक्षण घेऊन, परवाना काढून हंगामाला जातात आणि हाच सल्ला एकमेकांना देतात. नवखा माणूस तो प्रमाण मानून खांदा सुजवणारी रायफल विकत घेतो. याचे परिणाम जनावराला भोगावे लागतात, म्हणून हा गैरसमज मला सहन होत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती बंदच असली पाहिजे. कोलोरॅडोची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतले सर्वांत जास्त एल्क, म्हणजे हरणाच्या कुळातली ही मोठी जनावरं, या राज्यात आहेत. दर वर्षी किती नर आणि किती माद्या मारायच्या, हे राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो आणि त्या हिशेबानं परवाने देतो. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे.

आता 'धक्क्यानं खाली पाडणाऱ्या' गोळीकडे वळू. .३०-०६ स्प्रिंगफील्डमधून सुटणारी १८० ग्रेनची गोळी भरते साडेअकरा ग्रॅमच्या थोडी वर. नळीतून ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघते. तिचा संवेग साधारण साडेनऊ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. पूर्ण वाढलेला नर एल्क ३०० किलोच्या आसपास असतो. गोळी अगदी जवळून मारली आणि ती आरपार न जाता अंगातच अडकली असं धरलं, तरी तिच्या धक्क्यानं एल्कला मिळणारी गती सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर. तेवढ्याच वजनाची गोळी .३०० विन्चेस्टर मॅग्नममधून सोडली, तर ही गती साडेतीन सेंटिमीटर होईल. त्या अर्ध्या सेंटिमीटरनं ३०० किलोचं जनावर कोलमडतं, असं मानायचं का? शिवाय गोळी जितक्या जोरानं पुढे जाते तितक्याच जोरानं, किंबहुना दारूच्या वायूमुळे त्याहून जास्त जोरानं, रायफल मागे येते. एल्कला लोळवणारा धक्का रायफलीत असता, तर चाप ओढणारा माणूस आधी लोळला असता.

मग एल्क मरतो कशानं? रक्तस्रावानं. गोळी दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही सेकंदांत जनावर खाली येतं. तेवढ्या वेळात ते पन्नास-शंभर मीटर धावू शकतं किंवा काहीच झालं नाही अशा थाटात उभंही राहू शकतं. 'अंग झटकून निघून गेला' या गोष्टीचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो. जनावर उभं दिसलं म्हणून नेम चुकला असं समजून लोक शोध न घेता परततात आणि झाडीत शंभर पावलांवर ते मरून पडलेलं असतं. कोलोरॅडोच्या नियमांत जखमी किंवा जखमी झालं असण्याची शक्यता असलेल्या जनावराचा माग काढण्याचा योग्य तो प्रयत्न करणं बंधनकारक आहे, ते याचसाठी. याउलट गोळी मणक्याला किंवा मेंदूला लागली तर जनावर जागच्या जागी कोसळतं. पाहणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे मॅग्नमची! मणक्याला लागलेली .२४३ची गोळीही तेच करते.

लोक ज्या आकड्यांवरून हमरीतुमरीवर येतात, ते आकडे तरी किती वेगळे आहेत ते पाहा. .२७० विन्चेस्टरची गोळी ७.०४ मिलिमीटर जाडीची आणि .३० कॅलिबरची ७.८२ मिलिमीटरची. फरक एका मिलिमीटरहूनही कमी. .३०८ विन्चेस्टर, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम या तिघींच्या गोळीची जाडी तर तंतोतंत एकच. बदलतं ते काडतूस, त्यात मावणारी दारू आणि त्यामुळे मिळणारा वेग. जास्त वेगाचा फायदा लांब पल्ल्यावर होतो हे मान्य. पण २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या .३०८ आणि .३०० मॅग्नमच्या गोळ्या ३०० यार्डांवर किती खाली येतात ते मोजलं, तर दोघींत जेमतेम दोन इंचांचं अंतर पडतं. नवख्यानं ३०० यार्डांपलीकडे चाप ओढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊर्जेच्या आकड्यांचंही तसंच. 'हरणाला १,००० फूट-पाउंड, एल्कला १,५००' हे सूत्र इतक्यांदा सांगितलं गेलंय की लोकांना तो कायदाच वाटतो. कोलोरॅडोचा प्रत्यक्ष नियम असा: रायफल किमान .२४ कॅलिबरची हवी, गोळी आत शिरल्यावर पसरणारी हवी, हरणासाठी तिचं वजन किमान ७० ग्रेन आणि एल्क व मूससाठी ८५ ग्रेन हवं, आणि उत्पादकाच्या आकड्यांनुसार १०० यार्डांवर तिची ऊर्जा १,००० फूट-पाउंड भरायला हवी. १,५०० या आकड्याचा त्यात कुठेच उल्लेख नाही.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. साउथ कॅरोलायना राज्याच्या वन्यजीव विभागातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात एका शिकारी क्लबात मारलेल्या जवळपास ५०० पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या नोंदी तपासल्या. .२४३पासून .३०पर्यंतच्या कॅलिबरांत गोळी लागल्यावर हरीण किती दूर जातं, याबाबत त्यांना दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. फरक पडला तो गोळी कुठे लागली यानं. हरणांवरचा अभ्यास एल्कला जसाच्या तसा लावता येत नाही, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मग स्वीडनकडे पाहा. तिथला मूस एल्कहून मोठा असतो आणि तिथले शिकारी कित्येक पिढ्या ६.५×५५ हे काडतूस वापरत आले आहेत. मूळचं ते १८९४चं लष्करी काडतूस. धक्का मऊ, गोळी लांब आणि खोल जाणारी. आज अमेरिकेत गाजणारं ६.५ क्रीडमूर त्याच ताकदीचं आहे, तरी त्याला 'एल्कला कमी पडेल' म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतातच.

कॅलिबरवर तासन्‌तास वाद घालणारा माणूस गोळी कोणती भरणार याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. खरा फरक तिथे आहे. जॉन नोस्लर यांनी १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर .३०० एच अँड एच मॅग्नम झाडली. म्हणजे हातात मॅग्नमच होती. तरीही त्या काळच्या गोळ्या चिखलानं माखलेल्या कातडीवर आणि स्नायूत फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. नोस्लर यांनी मोठी रायफल शोधली नाही, गोळी बदलली. मध्ये तांब्याचा आडपडदा असलेली, पुढचा भाग पसरणारी आणि मागचा भाग शाबूत राहून आत घुसणारी 'पार्टिशन' गोळी त्यांनी १९४८मध्ये विक्रीला आणली. पुढे संपूर्ण तांब्याच्या आणि आवरणाशी शिसं एकजीव केलेल्या गोळ्या आल्या. तेव्हापासून मध्यम काडतुसंसुद्धा एल्कच्या बरगड्या आणि खांदा ओलांडून पुरेशी खोल जाऊ लागली. .३०८मध्ये भरलेली अशी गोळी मला .३०० मॅग्नममधल्या ठिसूळ गोळीपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

मॅग्नमचा सर्वांत मोठा तोटा मात्र कुणी सांगत नाही. साडेतीन किलोच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा मागचा धक्का .३०-०६च्या सुमारे सव्वापट तरी असतो. मैदानावर दहा गोळ्या झाडल्या की नवख्याच्या अंगात त्याची भीती बसते. मग चाप ओढायच्या ऐन क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे झुकतो, नळी हलते. दुखतं म्हणून सराव कमी होतो आणि सराव कमी म्हणून नेम बिघडतो. मग दहा हजार फूट उंचीवर, धापा टाकत असताना हाच माणूस एल्कवर नेम धरतो आणि गोळी पोटात बसते. पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडतं. मोठी गोळी चुकीच्या जागी लागली तरी चालते, असं सांगणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावं. आतडी फाटायला ७ मिलिमीटर काय आणि ८ मिलिमीटर काय!

याचा अर्थ 'काहीही चालतं' असा नाही. हा उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक आहे. डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत ७ मिलिमीटरच्या छोट्या काडतुसानं शेकडो हत्ती मारले, हा दाखला नेहमी दिला जातो. पण बेल हत्तीच्या कवटीचा बारकाईनं अभ्यास केलेले, अव्वल नेमबाज होते. १०० ग्रेनची .२४३ एल्कसाठी कोलोरॅडोत कायदेशीर आहे, तरी नवख्याच्या हाती ती देऊ नये. जनावर तिरकं उभं असलं किंवा खांद्याचं हाड आडवं आलं तर तिच्यात हातचं काही उरत नाही. म्यूल डिअर या हरणासाठी मात्र ती उत्तम.

बाकीचे समज थोडक्यात. जड, संथ गोळी झुडपं कापत सरळ जाते: नाही, फांदीला लागून कोणतीही गोळी वळते. गोळी नळीतून निघाल्यावर आपोआप वर चढते: नाही, नळीच किंचित वर रोखलेली असते आणि गोळी पहिल्या क्षणापासून नळीच्या रेषेच्या खाली येत असते. दुर्बीण दुकानात जुळवून मिळते, पुन्हा पाहायची गरज नाही: गरज आहे, आणि ती हंगामात वापरणार त्याच काडतुसांनी. शिशाच्या गोळीचे कण जखमेपुरतेच राहतात: क्ष-किरणांत ते जखमेपासून बरेच दूर मांसात विखुरलेले दिसतात. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, तिचं मुख्य कारण मेलेली जनावरं खाणारी काँडोर गिधाडं होती, पण घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर तांब्याची गोळी घ्यावी. एच-१बी व्हिसावर असलेल्याला शिकारीची रायफल बाळगताच येत नाही: संघराज्याच्या कायद्यात बंदी आहे खरी, पण वैध शिकार परवाना असणाऱ्याला त्यात सवलत आहे, म्हणून आधी परवाना, मग रायफल.

आणि कुणी थेट विचारलंच, की हरीण आणि एल्क दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची तर कोणती, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: .३०८, ७ एमएम-०८, .२७० किंवा ६.५ क्रीडमूर यांपैकी जी खांद्याला सोसेल ती, तिच्यात खोल जाणारी मजबूत गोळी, आणि मॅग्नमसाठी मोजणार होतात त्या जास्तीच्या पैशांची काडतुसं घेऊन जुलैपासून मैदानावर सराव. टेकणाला रायफल ठेवून नव्हे, गुडघ्यावर बसून.