फेरीचा भाव आणि तासांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारपेठेत दहाचाकी ट्रक शिरत नाही. रंगार गल्ली, मछली खडक, औरंगपुरा या बाजूंनी येणारे रस्तेच तेवढे रुंद नाहीत. बाहेरगावाहून आलेल्या कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतात आणि तिथून ‘छोटा हत्ती’ टेम्पोने नाहीतर लोडिंग रिक्षाने दुकानाच्या पायरीशी येतात. त्यामुळे सुपारी हनुमान मंदिराशेजारी खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला लांब पल्ल्याचा ड्रायव्हर कधी दिसतच नाही. दिसतो तो हत्तीवाला, बऱ्याचदा विशी-पंचविशीतला. अशा पोराला घरचे आणि बाजारातले एकच सल्ला देतात, हेवी लायसन्स काढ, पगार दुप्पट होईल. पोरगा काढतोही, पण शिकता शिकता कचरतो. मग आजकालच्या मुलांना कष्ट नकोत, असा शेरा बसतो. माझ्या मते हा शेरा चुकीचा आहे. त्याच्या मनातल्या शंका भित्रेपणाच्या नाहीत, हिशेबाच्या आहेत, आणि तो हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो.

आधी शिकण्याचे पाहू. कायद्याने व्यापारी मालवाहू गाडीसाठी वयाची वीस वर्षे पुरी लागतात, आणि हेवीचे लर्निंग लायसन्स मिळण्याआधी हलक्या गाडीचे लायसन्स वर्षभर जवळ असावे लागते. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या लायसन्सवर चालवता येते, हे पक्के केले. म्हणजे हत्तीवाल्याला आहे तिथेच राहण्याची कायदेशीर सोय झाली, आणि वर चढायचे तर चढणे त्याला परवडते का, हे बघणे भाग पडले. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, तोही वर्ग आणि प्रत्यक्ष चालवणे मिळून. रस्त्यावर दिवसाला बारा तास चालवणाऱ्या ड्रायव्हरचे तेवढे तास सव्वातीन दिवसांत भरतात. बाकीची विद्या, म्हणजे घाटात गिअर कुठे टाकायचा, ताडपत्री कशी आवळायची, भरलेल्या गाडीचा ब्रेक ओल्या रस्त्यावर किती आधी दाबायचा, ही क्लिनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसून घ्यावी लागते. ती वर्षे जवळजवळ फुकटात जातात. उमेदवारी करावीच लागते, सुताराच्या पोरालाही लागते, असे यावर म्हटले जाते. ते खरे आहे. पण सुताराच्या हातून चूक झाली तर फळी वाया जाते, इथे माणूस मरतो. त्यामुळे या उमेदवारीचा खर्च शिकणाऱ्याने एकट्याने का सोसायचा, हा प्रश्न उरतोच.

आता पगार. रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतल्या बाराशेहून जास्त ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले निम्म्याहून अधिक महिन्याला १० ते २० हजार रुपये कमावत होते, आणि दिवसाचे सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवत होते. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ तास झाले. वीस हजारवाल्याला तासाला ६४ रुपये पडले, दहा हजारवाल्याला ३२. हे आकडे जुने झाले, आज पगार वाढलेत, असे कोणी म्हणेल. वाढले असतील. पण आज तीस हजार सांगणाऱ्या मालकाच्या आकड्यालाही ३१२ ने भागा, ९६ रुपये येतात. शिवाय या बारा तासांत फक्त चाक फिरत होते. वाळूजच्या कंपनीच्या गेटबाहेर नंबर लागेपर्यंतची रात्र, गोदामात हमालांची वाट पाहणे, पोच मिळेपर्यंत ताटकळणे, परतीच्या भाड्यासाठी दोन दिवस पडून राहणे, यांतले काहीच त्यात धरलेले नाही.

आणि हीच खरी मेख आहे. नव्या ड्रायव्हरला पगाराचा आकडा सांगतात, पण तो कशावर मोजला आहे ते सांगत नाहीत. कुठे महिन्याचा पगार आणि रोजचा भत्ता असतो, कुठे फेरीचा भाव असतो, कुठे ठोक रक्कम हातात देऊन डिझेल, जेवण, वराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), पंक्चर सगळे त्यातच भागवायचे, उरेल ते ड्रायव्हरचे. शेवटची पद्धत नवख्याला सगळ्यात गोड वाटते, कारण उस्ताद त्यातून चांगले पैसे काढताना त्याने पाहिलेले असते. पण उस्तादाला गाडीचे ॲव्हरेज काढता येते, कुठल्या ढाब्यावर थांबायचे ते ठाऊक असते. नवख्याच्या हातून डिझेल जास्त जाते आणि तूट त्याच्याच खिशातून भरली जाते. म्हणजे अननुभवाची किंमत पुन्हा त्याच्यावरच. वराईचेही तेच. ज्याचा माल त्याचा हमाल, म्हणजे हमाली मालवाल्याने द्यावी, अशी मागणी वाहतूकदारांनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे लावून धरली, ती याच कारणाने. माल उतरवण्याचे पैसे गाडीवाल्याकडून घेतले जातात आणि शेवटी ते ड्रायव्हरच्या पदरी पडतात.

कायदा याबाबत मुका नव्हता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. या दराने बारा तासांचा दिवस सोळा तासांच्या मोलाचा होतो, आणि मग वीस हजारवाल्याचा मूळ दर तासाला ४८ रुपयांवर उतरतो. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा लागूच नव्हता. आपल्याकडे एक-दोन ट्रकचे मालक उदंड, कित्येक तर स्वतःच ड्रायव्हर. आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. तरी ज्या गाडीत तासांची नोंदच होत नाही, तिथे कुठल्याही संहितेतले आठ तास कोण मोजणार?

मालकाचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. डिझेल, टोल, विमा, टायर, बँकेचा हप्ता हे सगळे ठरलेले असते, भाडे मात्र बाजार ठरवतो. दाबण्याजोगी एकच बाब उरते, ड्रायव्हर. पण मग ड्रायव्हर मिळत नाहीत ही तक्रार त्याच तोंडाने करता येत नाही. देशात २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी सांगत आले आहेत. टंचाई असेल तर भाव वाढायला हवा, हा साधा नियम इथे अडतो, कारण वाट पाहण्याला भावच नाही. गोदामवाल्याला गाडी दहा तास उभी ठेवायला काही पडत नाही, म्हणून तो ठेवतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. नागपूर-मुंबईचे तास घटले, आणि फेरीवर पैसे घेणाऱ्याला त्याचा थोडा फायदा झाला, हे मान्य करायला हवे. पण रस्त्यावर वाचलेले चार तास गेटवर गेले, तर ते कोणाच्याच वहीत जमा होत नाहीत.

अपघाताची भीतीही तरुणाच्या याच हिशेबात येते. भारतीय न्याय संहितेत अपघात करून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे कलम आले, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ड्रायव्हर संपावर गेले. पानेवाडीच्या इंधन डेपोतले टँकर थांबले आणि मराठवाड्याला आपले पेट्रोल कोण आणते ते कळले. ते कलम अजून लागू झालेले नाही. पळणाऱ्याचे समर्थन करता येणार नाही. पण झोप न झालेल्या माणसाला गाडी पुढे काढायला लावणारा त्या कलमात कुठेच नाही. सेव्हलाइफच्या पाहणीत जवळजवळ निम्म्या चालकांनी थकलेले, पेंगुळलेले असतानाही गाडी चालवतो, असे सांगितले होते. ८४ टक्के म्हणाले की घरच्यांना या धंद्यात आणणार नाही.

मग तरुणाने काय करावे? एसटीत २०२१ च्या संपादरम्यान नव्या कर्मचाऱ्याचे एकूण वेतन सुमारे साडेसतरा हजारांवरून साडेचोवीस हजारांच्या आसपास गेले. आकडा ट्रकपेक्षा फार मोठा नाही, पण ड्युटी मोजलेली, भविष्य निर्वाह निधी कापलेला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात चालकही आहेत. तिकडे दिवसाला साधारण नऊ तास आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबणे बंधनकारक असते, आणि गाडीतले यंत्र ते नोंदवते. सगळ्यांना तिकडे जाता येणार नाही. ट्रकवर जायचेच असेल तर मालकाला आधी विचारावे, थांबलेल्या दिवसाचा भत्ता किती, डिझेलची तूट कोणाची, विमा कोणाच्या नावे. उत्तर टाळले तर हत्ती बरा.

आणि गुलमंडीच्या व्यापाऱ्यांना एक विनंती. तुमचा माल घेऊन ट्रक गोदामात लागला की पोच देताना सही-शिक्क्याशेजारी दोन वेळांची नोंद करून द्यायला गोदामवाल्याला सांगा, गाडी आली ती आणि मोकळी झाली ती. उभ्या गाडीचे पैसे मागायला ड्रायव्हरच्या हातात निदान तेवढा कागद असू द्या.