थोडी ‘माया’ ठेवा की!

परवा शेजारची मुलगी मोबाईल घेऊन आली. तिला लहानपणापासून कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे. सध्या शिवणकामाचा ऑनलाइन कोर्स करतेय. ‘‘काकू, हे वाचा हो जरा!’’ म्हणाली. पडद्यावर शिक्षिका ब्लाउज बेतत होत्या आणि खाली अक्षरं उमटली, ‘आता बाई नीट कापून घ्या.’ दोघी हसत सुटलो. त्या म्हणाल्या होत्या ‘बाही’, यंत्राने ऐकलं ‘बाई’! हसू ओसरल्यावर ती म्हणाली, ‘‘काकू, ही चूक मला कळली. न कळलेल्या किती असतील?’’ मला उत्तर सुचेना.

त्याच कोर्सला आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे. त्याची अडचण निराळी. आकृतीत सांगितलेलं, ‘लाल रेघेवर कापा, हिरव्या रेघेवर शिवा.’ त्याला लाल आणि हिरवा जवळपास सारखेच दिसतात. त्याने हिरव्या रेघेवरच कात्री चालवली. शिलाईची माया गेली, कापड वाया! वर ‘लक्ष नसतं तुझं’ अशी बोलणी खाल्ली, ती वेगळीच. लाल-हिरव्याचा हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. आईला सगळे रंग नीट दिसत असले तरी तिच्याकडून तो मुलात उतरू शकतो. तेव्हा मुलावर ओरडण्याआधी त्याचे डोळे एकदा तपासून घ्यायला नकोत का?

बरं, हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने हार्वर्ड आणि एमआयटी या नामवंत संस्थांवर दावे लावले. तक्रार हीच, की ऑनलाइन व्याख्यानांना कॅप्शन नाहीत, आणि असली तर धड नाहीत. २०१९ आणि २०२० मध्ये तडजोड होऊन दोघींनी कॅप्शन देण्याचं मान्य केलं. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एप्रिल २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

आणि करायचं तरी काय असतं? यंत्राने लिहिलेली कॅप्शन माणसाने एकदा वाचून दुरुस्त करायची. कोण बोलतंय ते लिहायचं. शिकवताना चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवायचा, म्हणजे ओठ वाचता येतात. नुसत्या रंगावर भिस्त ठेवायची नाही. कापायची रेघ सलग, शिवायची तुटक, आणि शेजारी शब्दांत ‘कापा’, ‘शिवा’. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं नकोत. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं प्रमाण निदान साडेचारास एक असावं, असा जागतिक निकष आहे. ते मोजणं जमत नसेल तर सोपी युक्ती म्हणजे आकृती काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. तशी कळली तर ठीक!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी आता पाककृतींचे, शिवणाचे, शिकवणीचे व्हिडिओ करतात. कुकरच्या शिट्ट्यांत, झोपलेल्या बाळाजवळ आवाज बंद करून ते बघणाऱ्याही आपणच. कॅप्शन त्यांच्याही उपयोगाची. कापड बेतताना आपण शिलाईसाठी माया ठेवतोच ना? व्हिडिओ करतानाही तेवढी ठेवूया.